निन्टेंडो वी : हाताची हालचाल त्या रिमोटला नेमकी किती कळत होती?

कृष्णाकाठ (धागालेखक)

निन्टेंडोच्या ‘वी’ या कन्सोलचा, म्हणजे टीव्हीला जोडून खेळायच्या गेमयंत्राचा, विषय निघाला की चर्चा बहुधा दोन गोष्टींवर येऊन थांबते. घरातल्या ज्येष्ठांनीही तो आवडीने खेळला, ही एक. आणि त्याचे चित्र त्या काळाच्या मानानेही जुनेच होते, ही दुसरी. दोन्ही विधाने खरी आहेत, पण कंट्रोलरविषयी, म्हणजे ज्यामुळे हे सारे घडले त्याविषयी, फारसे कोणी लिहीत नाही, म्हणून हा धागा काढत आहे. तो पांढरा, लांबट रिमोट हातात धरून ज्यांनी टेनिस खेळले त्यांतल्या बहुतेकांची अशी समजूत असते की आपला हात हवेत कुठे आहे हे यंत्राला दिसत होते. तसे ते दिसत नव्हते. तरीही खेळ रंगत होता, आणि हे कसे साधले तो माझ्या मते या कन्सोलच्या इतिहासातला सर्वांत शिकण्याजोगा भाग आहे.

थोडी पार्श्वभूमी द्यायला हवी. वीच्या आधीचा गेमक्यूब जगभरात सुमारे २ कोटी १७ लाख इतकाच खपला, तर त्याच पिढीतला सोनीचा प्लेस्टेशन २ पुढे १५ कोटींच्या वर गेला. अधिक ताकदीचे आणि अधिक महाग यंत्र काढून त्याच शर्यतीत पुन्हा उतरण्याऐवजी कंपनीचे तेव्हाचे अध्यक्ष सातोरू इवाता, हार्डवेअरची बाजू सांभाळणारे गेन्यो ताकेदा आणि खेळांचे रचनाकार शिगेरू मियामोतो यांनी व्हिडिओ गेम खेळतच नसलेल्या लोकांकडे लक्ष वळवले. कंट्रोलर प्रथम सप्टेंबर २००५ मध्ये टोकियो गेम शोमध्ये इवातांनी दाखवला. कन्सोल १९ नोव्हेंबर २००६ रोजी अमेरिकेत २४९.९९ डॉलरला आणि २ डिसेंबरला जपानमध्ये २५,००० येनला विक्रीस आला. त्याच नोव्हेंबरात अमेरिकेत आलेल्या प्लेस्टेशन ३ ची किंमत ४९९ आणि ५९९ डॉलर होती. वीचा प्रोसेसर ७२९ मेगाहर्ट्झचा होता, आतली साठवणूक ५१२ मेगाबाइटची होती आणि हाय-डेफिनिशन चित्र त्याला देताच येत नव्हते.

निन्टेंडोच्या ‘गेम बॉय’ या हातात धरायच्या गेमयंत्राचे जनक गुनपेई योकोई यांचा असा आग्रह असे की पुरते मुरलेले, स्वस्त झालेले तंत्रज्ञान घ्यावे आणि ते कोणी न योजलेल्या जागी वापरावे. योकोई १९९७ मध्ये गेले, पण वीचा रिमोट उघडून पाहिला तर त्यांची ही शिकवण त्यात ठायी ठायी दिसते. त्यातला मुख्य घटक म्हणजे अ‍ॅनालॉग डिव्हायसेस या कंपनीची एडीएक्सएल३३० ही त्वरण मोजणारी चिप. अशा सूक्ष्म त्वरणमापक चिपा १९९० च्या दशकापासून मोटारींमध्ये होत्या. टक्कर झाल्याचे ओळखून एअरबॅग फुगवण्याचे काम त्या करत. चिपेच्या आत सिलिकॉनच्या अतिसूक्ष्म स्प्रिंगांवर तोललेले एक वस्तुमान असते. हाताला झटका बसला की ते किंचित मागे राहते, त्यामुळे शेजारच्या पट्ट्यांमधली विद्युतधारिता बदलते, आणि त्या बदलावरून तिन्ही दिशांचे त्वरण काढले जाते.

रिमोटच्या टोकाशी असलेल्या काळ्या काचेसारख्या भागामागे पिक्सार्ट कंपनीचा एक छोटा इन्फ्रारेड कॅमेराही आहे. टीव्हीवर किंवा टीव्हीखाली ठेवायची पट्टी स्वतः काहीच टिपत नाही. तिच्या दोन्ही टोकांना प्रत्येकी पाच इन्फ्रारेड दिवे आहेत, एवढेच. कॅमेऱ्याला ते दोन ठिपके दिसतात. ठिपके कुठे सरकले यावरून पडद्यावरचा बाण हलतो, त्यांना जोडणाऱ्या रेषेच्या कलावरून रिमोट किती फिरवला ते कळते, आणि त्यांच्यातले अंतर कमी दिसले की खेळाडू मागे सरकला असे धरता येते. ठिपक्यांच्या जागा रिमोटमध्येच काढल्या जातात, ती माहिती ब्लूटूथने कन्सोलकडे जाते आणि पुढचे गणित कन्सोल करतो. टीव्हीकडे रोखलेला नसताना मात्र हा कॅमेरा आंधळा असतो, आणि टेनिसचा फटका मारताना रिमोट टीव्हीकडे रोखलेला नसतो.

म्हणजे फटक्याच्या क्षणी यंत्राच्या हाती उरतो तो फक्त त्वरणमापक. ‘वी स्पोर्ट्स’ या टेनिस, बोलिंग, बॉक्सिंग वगैरे खेळांच्या संचाच्या रचनाकारांनी हे पूर्ण ओळखून खेळ बेतला आहे. टेनिसमध्ये पडद्यावरचा खेळाडू चेंडूकडे स्वतःच धावतो. आपल्याकडून विचारले जाते ते एवढेच की फटका कधी मारला, किती जोरात मारला आणि साधारण कोणत्या बाजूने मारला. चेंडू डावीकडे जातो की उजवीकडे, हे मुख्यतः फटका लवकर बसला की उशिरा यावर ठरते, आणि खऱ्या टेनिसमध्येही बऱ्याच अंशी तसेच असते. बोलिंग हा तर मला त्या संचातला सर्वांत निर्दोष खेळ वाटतो. मागचे बटण दाबून धरायचे, हात मागे न्यायचा, पुढे आणताना बटण सोडायचे. चेंडू हातातून सुटण्याचा क्षण बोट सैल करण्याशी जोडला आहे, त्यामुळे तो क्षण ओळखण्याचे काम यंत्रावर येतच नाही. उरते ती एका ठरलेल्या कमानीतली, सावकाश, एकसारखी हालचाल, आणि चेंडूला वळण देणारे मनगटाचे फिरणे. या दोन्ही गोष्टी त्वरणमापकाला चांगल्या समजतात. याउलट त्याच तबकडीवरच्या बॉक्सिंगमध्ये ठोसे भराभर आणि सर्व दिशांनी येतात, आणि तिथे खेळाडूचा हात आणि पडद्यावरचा हात यांचा मेळ सारखा तुटतो.

रिमोटला जे सांगता येते तेवढेच त्याला विचारणारे खेळ टिकले आणि जे त्याला सांगता येत नव्हते ते विचारणारे खेळ कंटाळवाणे झाले, असे माझे मत आहे. इतरांनी, विशेषतः इलेक्ट्रॉनिक्स जाणणाऱ्यांनी, यावर सविस्तर लिहावे ही विनंती.

भीमथडी

उत्तम धागा. त्वरणमापकाची मर्यादा आकड्यांत मांडली तर ती अधिक नीट लक्षात येईल, म्हणून थोडे गणित करतो.

त्वरणावरून हाताची जागा काढायची असेल तर एकदा संकलन (इंटिग्रेशन) करून वेग आणि पुन्हा संकलन करून अंतर काढावे लागते. समजा मोजमापात गुरुत्वीय त्वरणाच्या केवळ एक शतांश इतकी स्थिर चूक आहे, म्हणजे सुमारे ०.१ मीटर प्रति सेकंद वर्ग. एका सेकंदानंतर जागेचा अंदाज ५ सेंटीमीटरने चुकेल, आणि चूक काळाच्या वर्गाने वाढत असल्याने दहा सेकंदांनंतर ती ५ मीटर होईल. दिवाणखान्यात उभा असलेला खेळाडू यंत्राच्या हिशेबाने शेजाऱ्यांच्या स्वयंपाकघरात पोहोचलेला असेल.

दुसरी अडचण गुरुत्वाकर्षणाची. रिमोट टेबलावर निश्चल ठेवला तरी चिप एक ‘जी’, म्हणजे गुरुत्वीय त्वरणाइतके, त्वरण दाखवते. निश्चल असताना त्यावरून रिमोटचा कल छान काढता येतो, पण हात वेगाने हलू लागला की मोजलेल्या आकड्यात गुरुत्व किती आणि हाताचा झटका किती हे वेगळे करता येत नाही. शिवाय उभ्या अक्षाभोवतीचे फिरणे, म्हणजे रिमोट आडवा धरून डावीकडून उजवीकडे वळवणे, गुरुत्वाची दिशा बदलतच नसल्यामुळे अशा चिपेला कलावरून ओळखताच येत नाही.

यावरचा उपाय जायरोस्कोप, आणि तो जून २००९ मध्ये ‘वी मोशनप्लस’ या जोडणीच्या रूपाने आला. रिमोटच्या शेपटाला लावायचा तो लहान ठोकळा होता. २०१० पासून रिमोटच्या आतच बसवला जाऊ लागला. जायरोस्कोप फिरण्याचा वेग मोजतो, त्यामुळे मनगटाचे वळण हालचाल चालू असतानाही कळते. ‘वी स्पोर्ट्स रिसॉर्ट’मधली तलवारबाजी आणि धनुर्विद्या त्यामुळेच शक्य झाली. पण जायरोस्कोपची चूकही हळूहळू साठत जाते. म्हणूनच रिमोट सपाट पृष्ठभागावर काही क्षण ठेवा अशी सूचना त्या खेळांत येत असे.

पाणवठा

दोघांचेही लेखन अभ्यासपूर्ण आहे, पण निष्कर्षाशी मी सहमत नाही. वी १० कोटी १६ लाखांच्या आसपास खपला हे खरे, परंतु त्यातल्या किती लोकांनी पहिल्या वर्षानंतर तो हातात घेतला असेल? ज्यांच्या घरी मी तो पाहिला त्यांच्यापैकी बहुतेकांकडे ‘वी स्पोर्ट्स’खेरीज दुसरी तबकडी नव्हती. अन्य कंपन्यांनी काढलेल्या असंख्य खेळांत तर जे काम बटणाने सुखाने झाले असते तेच रिमोट जोरजोराने हलवून करायला लावले होते. २००६ च्या ‘झेल्डा’ या साहसी खेळात तलवारीच्या वारासाठी रिमोट हलवावा लागे, पण तो कसाही हलवला तरी वार तोच. त्या खेळात सर्वांत मोठा बदल कोणता झाला, तर नायक मूळचा डावखुरा आणि बहुतेक खेळाडू उजव्या हातात रिमोट धरणार, म्हणून वीसाठी अख्खे जग आरशासारखे उलटे करण्यात आले. एवढा खटाटोप करून हाताला मिळाले काय?

मायक्रोसॉफ्टने नोव्हेंबर २०१० मध्ये आपल्या कन्सोलसाठी किनेक्ट आणला. त्यात हाती काही धरायचेच नव्हते. समोरच्या गोष्टींचे अंतर मोजणारा कॅमेरा खेळाडूचे सबंध शरीर ओळखत असे. म्हणजे आपण ज्या मर्यादा सांगता त्या तिथे बऱ्याच अंशी गेल्या होत्या. तरीही तो मार्ग पुढे चालला नाही. दोष चिपेत नसून कल्पनेतच होता, असे मला वाटते. बसून, थोडक्या हालचालीत खेळणे हेच लोकांना रोजच्या रोज हवे असते.

कृष्णाकाठ

पाणवठा, आपला मुद्दा महत्त्वाचा आहे आणि त्यातला एक भाग मी मान्यच करतो. ‘मारिओ कार्ट वी’ ३ कोटी ७० लाखांहून अधिक खपला, आणि त्यासोबत येणाऱ्या प्लास्टिकच्या चाकाने गाडी वळवण्याऐवजी अंगठ्याने हलवायच्या साध्या काडीने (स्टिकने) खेळणे अनेक निष्णात खेळाडू पसंत करत. पण लक्षात घ्या, चाक फिरवणे म्हणजे रिमोटचा कल मोजणे, आणि ते काम त्वरणमापकाला उत्तम जमते. म्हणून ज्याने कधीच कंट्रोलर धरला नव्हता तो माणूसही पहिल्याच फेरीत गाडी रस्त्यावर ठेवू शकत असे.

किनेक्टचे उदाहरण मात्र माझ्याच बाजूचे आहे असे मला वाटते. त्याला शरीर दिसत होते, पण हातात बटण नव्हते. बोलिंगचा चेंडू नेमका कधी सोडला हे तिथे हालचालीवरून ताडावे लागे, आणि वीवर तेच एका बोटाने निःसंदिग्धपणे सांगता येत असे. जास्त दिसणे आणि जास्त कळणे यांत हा फरक पडला.

आणि ‘कल्पनेतच दोष’ म्हणाल तर ती कल्पना संपलेली नाही. निन्टेंडोच्याच २०१५ च्या ‘स्प्लाटून’ या नेमबाजीच्या खेळापासून जायरोस्कोपने नेम धरण्याची पद्धत रुळली आहे, मोठी दिशा काडीने आणि शेवटचे बारीक सरकणे मनगटाने. हालचाल लहान झाली, आपण म्हणता तशी बसल्या जागी आली, पण तिचे मूळ मोशनप्लसमध्येच आहे.

पाणवठा

जायरोस्कोपच्या नेमाविषयी सहमत. मी स्वतः तसाच खेळतो. पण त्याला वीचा वारसा म्हणणे मला थोडे ओढूनताणून वाटते, कारण प्लेस्टेशन ३ च्या सिक्सॲक्सिस कंट्रोलरमध्येही २००६ मध्येच हालचाल ओळखण्याची सोय होती.

रातराणी

मी पुण्यात फिजिओथेरपिस्ट आहे. या कन्सोलचा एक उपयोग आमच्या क्षेत्रात फार गाजला आणि त्याविषयी समाजमाध्यमांवर अजूनही अतिशयोक्त दावे फिरतात, म्हणून लिहीत आहे.

पक्षाघातानंतर हाताची हालचाल परत यावी यासाठी तीच ती क्रिया पुष्कळदा करावी लागते आणि रुग्ण कंटाळतात. वीच्या खेळांनी हा कंटाळा जाईल, या अपेक्षेने टोरांटोच्या गुस्ताव्हो सापोस्निक यांच्या गटाने आधी लहान आणि मग मोठी चाचणी केली. मोठी चाचणी २०१६ मध्ये लॅन्सेट न्यूरॉलॉजीमध्ये प्रसिद्ध झाली. कॅनडा, अर्जेंटिना, पेरू आणि थायलंड या देशांतल्या १४१ रुग्णांना त्यात घेतले होते. नेहमीच्या उपचारांच्या जोडीला एका गटाला वीवरचे खेळ दिले आणि दुसऱ्या गटाला पत्ते, बिंगो, ठोकळ्यांचा मनोरा असे साधे खेळ दिले. दोन आठवड्यांत प्रत्येकी तासाभराची दहा सत्रे. दोन्ही गट सुधारले आणि दोन्ही सारखेच सुधारले.

काही सहकारी यावरून वी निरुपयोगी ठरला असे म्हणतात. मला तसे वाटत नाही. हाताला काम मिळणे आणि त्या कामात मन लागणे महत्त्वाचे आहे, मग ते पत्त्यांनी होवो वा रिमोटने, असे मी या निकालातून घेते. मात्र वर भीमथडींनी जे गणित मांडले ते आम्हा उपचारकांनी नीट समजून घ्यायला हवे. टेनिसमध्ये रुग्ण खांदा न हलवता नुसते मनगट झटकून गुण मिळवू शकतो आणि यंत्र त्याला शाबासकी देते. खांद्याचा व्यायाम हवा असेल तर शेजारी माणूस उभा राहून कोपराखाली हात धरायलाच हवा. पडद्यावरचे गुण पाहून प्रगती ठरवता येत नाही.

बॅलन्स बोर्डची गोष्ट वेगळी आहे. २००७ च्या अखेरीस ‘वी फिट’सोबत आलेल्या त्या फळीच्या चार कोपऱ्यांत चार भारमापक आहेत, आणि ते काहीही ताडत नाहीत, थेट वजन मोजतात. मेलबर्नमधल्या संशोधकांनी २०१० मध्ये ती फळी प्रयोगशाळेतल्या महागड्या मंचाशी ताडून पाहिली आणि उभ्या माणसाच्या तोलाचे मोजमाप विश्वासार्ह असल्याचे दाखवले. अर्थात ती फक्त खाली दाबणारा भार मोजते; आडवा रेटा तिला कळत नाही.

उत्तररंग

न्यू जर्सीहून लिहीत आहे. बोलिंगविषयी धागालेखकांनी जे लिहिले आहे त्याला इथला अनुभव पुष्टी देतो. अमेरिकेत ज्येष्ठ नागरिकांच्या वसाहतींमध्ये वीवरच्या बोलिंगच्या स्पर्धा २००७ पासूनच होऊ लागल्या होत्या. शिकागोजवळच्या एका वसाहतीची बातमी तेव्हा खूप गाजली. यांतल्या अनेकांनी तरुणपणी खरे बोलिंग केलेले असते. जड चेंडू आता उचलवत नाही, पण हाताची ती कमान आणि मनगटाचे वळण अंगात मुरलेले असते. भारतातून काही महिन्यांसाठी आलेल्या माझ्या सासूबाईंनी मात्र बोलिंग कधी पाहिलेलेही नव्हते. नातीने एकदा करून दाखवल्यावर त्यांना ते लगेच जमले, पण बटण सोडायला त्या विसरत आणि चेंडू हातातच राहत असे. शेवटी नातीने “आजी, आता सोड” असे म्हणायचे ठरले, आणि मग खेळ नीट चालला.

रिमोट हातातून सुटून टीव्ही फुटण्याच्या घटनांचाही उल्लेख व्हायला हवा. सुरुवातीच्या मनगटपट्ट्याची दोरी फार बारीक होती. निन्टेंडोने डिसेंबर २००६ मध्ये सुमारे ३२ लाख पट्टे जाड दोरीच्या पट्ट्यांनी बदलून दिले, आणि पुढच्या वर्षी रिमोटसाठी सिलिकॉनचे वेष्टणही विनामूल्य दिले.

गवतफुला

या चर्चेमुळे माळ्यावरचा वी खाली काढला. माझ्या भावाने तो काही वर्षांपूर्वी अमेरिकेहून आणला होता. दोन शंका आहेत. टीव्हीखालची पट्टी हरवली आहे. तिच्याशिवाय काही करता येईल का? आणि रिमोटमधले घटक ठीक आहेत की नाही हे कसे तपासावे?

भीमथडी

गवतफुला, सर्वांत आधी अ‍ॅडॅप्टर पाहा. अमेरिकेतला अ‍ॅडॅप्टर १२० व्होल्टचा असतो आणि आपल्याकडच्या २३० व्होल्टवर थेट लावला तर जळेल. एकतर स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर वापरा, नाहीतर १२ व्होल्ट, ३.७ अँपिअर देणारा आपल्याकडच्या दाबाचा अ‍ॅडॅप्टर घ्या. तबकड्याही विभागाप्रमाणे बांधलेल्या आहेत, त्यामुळे अमेरिकी कन्सोलवर युरोपीय विभागाची तबकडी चालणार नाही. वीचे ऑनलाइन दुकान ३० जानेवारी २०१९ रोजी बंद झाले, म्हणून नवे काही विकत उतरवून घेता येणार नाही.

पट्टीऐवजी दोन मेणबत्त्या साधारण वीस सेंटीमीटर अंतरावर ठेवल्या तरी बाण चालतो, कारण ज्योतीतून इन्फ्रारेड भरपूर निघते. पण टीव्हीजवळ उघडी ज्योत नको; बॅटरीवर चालणारी पट्टी स्वस्तात मिळते, ती घ्यावी. खिडकीतून थेट ऊन टीव्हीच्या बाजूने येत असेल तर कॅमेऱ्याला तेही ठिपक्यासारखे दिसते आणि बाण भरकटतो.

रिमोटच्या तपासणीसाठी आधी पेन्सिल सेलचा कप्पा उघडा. जुने सेल पाझरून पत्र्यांवर हिरवट-पांढरा थर आला असेल तर व्हिनेगरमध्ये किंचित भिजवलेल्या कापसाने पुसा आणि पूर्ण कोरडे होऊ द्या. मग रिमोट ब्लूटूथने संगणकाला जोडा. त्वरणाचे आकडे दाखवणारी मोफत साधने उपलब्ध आहेत. रिमोट बटणांची बाजू वर करून टेबलावर ठेवला की उभ्या अक्षावर एक ‘जी’च्या जवळचा आकडा यावा आणि उरलेल्या दोन अक्षांवर शून्याच्या जवळचा. उलटा ठेवला की चिन्ह बदलावे. मग दोन्ही कुशींवर आणि दोन्ही टोकांवर उभा करून पाहा. एखादा अक्ष सगळ्या स्थितींत एकच आकडा दाखवत राहिला तर ती चिप गेली आहे, आणि तो रिमोट दुरुस्त करण्यापेक्षा दुसरा घेणे परवडेल. घेताना मोशनप्लस आत असलेला घ्या. तसे रिमोटवर समोरच्या बाजूला लिहिलेले असते.